लिंबू रंगाचा कुर्ता

बाबाराव उठले, आणि त्यांच्याबरोबर गोधडीही उठली.

दारात ऑटो उभा होता. सावनेरच्या बसची वेळ होत आली होती. बाबारावांनी एक पाऊल पुढे टाकलं, गोधडीनेही टाकलं. त्यांनी खाली वाकून पाहिलं. मांडीवर गोधडी घेऊन शेवटची ओळ शिवताना तिच्याखाली पसरलेला कुर्त्याचा पुढचा घेरही त्यांनी मोठ्या निगुतीने शिवून टाकला होता. सिंचन खात्यात जन्मभर ओव्हरसिअर असलेल्या माणसाचं काम; ओढूनही सुटेना.

कौशल्याबाई पलंगावर बसून पाहत होत्या. त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत प्लॅस्टरमध्ये होता. डाव्या हाताने त्यांनी पदर तोंडाला लावला, पण हसू काही त्यात मावलं नाही.

या घरात एवढ्या वर्षांत भांडण म्हणावं असं एकच. बाकीची त्याची पिल्लं. कौशल्याबाईंना गोधड्यांचा नाद. समोर माणूस आला की त्यांची नजर आधी त्याच्या कपड्याकडे जायची, मग जमलंच तर माणसाकडे. "हा शर्ट आणखी किती दिवस घालसान?" हा प्रश्न त्या नवऱ्याला शर्टाची घडी मोडायच्या दिवशीच विचारायच्या. बाबाराव रिटायर झाले तेव्हा सत्काराला घातलेला सफारी पुढच्या दिवाळीत थोरल्या नातीच्या गोधडीत सापडला. बाबारावांनी महिनाभर अबोला धरला. घर कसं शांत होतं. मग त्यांनी आपल्या कपाटाला कुलूप लावलं आणि "चिंध्या जोडायला काय अक्कल लागते?" हे वाक्य येणाऱ्या-जाणाऱ्याला चहाबरोबर ऐकवायला सुरुवात केली.

अशात कौशल्याबाई न्हाणीत घसरल्या आणि हात मोडून बसल्या. शिवायला घेतलेली गोधडी अर्धीच राहिली. इकडे लेकीला, सरिताला, दुसरी मुलगी झालेली आणि सासरी, सावनेरला, बारसं ठरलेलं. बाबारावांनी तोडगा काढला. दुकानातून ब्लँकेट आणू. मऊ असतं, वर ससाही असतो.

"पहिलीले गोधडी अन् दुसरीले ससा?" कौशल्याबाई म्हणाल्या. "दुसरीबी पोरगीच झाली म्हणून आजोळानं हात आखडला, असंच म्हनतीन लोक. पोरगी मोठी झाली, तिनं इचारलं, त मंग काय सांगसान?"

ओव्हरसिअरांनी ब्लँकेटचा विषय सोडला. आणि चिंध्या जोडायला अक्कल लागत नसल्यामुळे ते स्वतःच शिवायला बसले. टेप आला, फूटपट्टी आली, कापडावर पेन्सिलीने आखणी झाली. धरणाचा पाया घालावा तसा थाट. पहिल्या दिवशी सुई कापडात कमी आणि बोटात जास्त गेली. कौशल्याबाई डाव्या हाताचा अंगठा टाक्यांवरून फिरवायच्या. कुठे गाठ लागली, कुठे टाका वर आला, की अंगठा थांबायचा. "उसवा. लेकराच्या पाठीले टोचन." बाबाराव उसवायचे. पुन्हा शिवायचे, पुन्हा उसवायचे. खात्यात कुणाची हिंमत झाली नसती त्यांचं काम असं उखडायची. त्यांना राग यायचा, पण टोचणार ते नातीला, म्हणून राग गिळून सुई ओवायचे.

आज जेवणं उरकल्यावर गांधीबागेच्या कापडबाजारातून खास बारशासाठी आणलेला लिंबू रंगाचा कुर्ता चढवून ते शेवटच्या ओळीला बसले. ओळ संपली. अंगठा या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला आणि कुठेही थांबला नाही. कौशल्याबाईंच्या शाळेत यालाच पहिला नंबर म्हणतात. बाबारावांचा ऊर भरून आला. त्या भरात ते उठले, आणि ही शोभा झाली.

ऑटोवाल्याने हॉर्न वाजवला.

"उसवून टाका," कौशल्याबाई हसू आवरत म्हणाल्या. "एक ओळ नसली त काय बिघडते? कोनाले दिसते? नवाकोरा कुर्ता हाये."

बाबारावांनी कुर्त्याकडे पाहिलं. मग त्या ओळीकडे पाहिलं.

"कात्री कुठं हाये वं?"

"कायले?"

उशाजवळची कात्री त्यांनाच दिसली. त्यांनी ती उचलली आणि टाक्यांच्या कडेकडेने कुर्ता कचाकच कापून काढला.

"अवो माय! नवाकोरा कुर्ता!" कौशल्याबाई ओरडल्या. कपड्याला कात्री लागली म्हणून त्या आयुष्यात पहिल्यांदाच ओरडत होत्या.

"कुर्ते लय भेटतात गांधीबागेत," बाबाराव गोधडीची घडी घालत म्हणाले. "अशी ओळ भेटत नाही."

बारसं झोकात झालं. पाळण्यात गोधडी अंथरली, तिच्यावर बाळ निजलं. कुठे काही टोचलं नाही, कुरकुरलंसुद्धा नाही. गोधडीच्या खालच्या अंगाला लिंबू रंगाचा एक वेडावाकडा तुकडा होता, तो कुणाला दिसला नाही. बसच्या घाईत न बदललेल्या कुर्त्याचं भोक मात्र सगळ्यांना दिसलं. बाबाराव पोटासमोर पिशवी धरून मोठ्या रुबाबात हिंडत होते, आणि सरिताच्या सासरच्या बायका एकमेकींना कोपर मारत होत्या.

सरिताचे सासरे रामाजी तोलामोलाचे गृहस्थ. अंगात रेशमी झब्बा, त्याच दिवशी घडी मोडलेला. भोकाकडे न पाहण्याची शिकस्त करत ते व्याह्यांच्या शेजारी येऊन बसले. बस लवकर मिळाली का, तब्येत कशी आहे, विचारत राहिले. बाबारावांचं लक्षच नव्हतं. त्यांनी रामाजींच्या झब्ब्याची बाही हळूच चिमटीत धरली आणि अंगठ्याने चोळून पाहिली.

"व्याहीबुवा," ते म्हणाले, "हा झब्बा आणखी किती दिवस घालसान?"