रविवारचं माप

मास्तरांच्या उजव्या कोपराच्या ऑपरेशनला अकरा महिने झाले होते. आत दोन प्लेटा, नऊ स्क्रू, आणि हात वाकवायला गेलं की ठरल्या जागी येऊन अडायचा. गिऱ्हाईक दारातून आत येईस्तोवर त्याच्या छातीचं माप सांगणारा हा शिंपी आता सकाळ-संध्याकाळ खुर्चीत बसून स्वतःच्याच हाताशी झटापट करायचा. दर रविवारी बायको टेप घेऊन त्यांचा अंगठा आणि खांदा यांतलं अंतर मोजायची. तीन महिने ते सात इंचांवरून तसूभर हललं नाही, तेव्हा मास्तर म्हणाले, "मशीन विकून टाकू. व्यायामही पुरे झाला."

पुढच्या रविवारी तिने टेप लावली आणि बेधडक सांगून टाकलं, "साडेसहा." मास्तरांनी मान हलवली आणि सोमवारी मुकाट्याने व्यायामाला बसले. मग सहा झाले, मग साडेपाच. खोटं बोलून बोलून तिचा जीव शिणला होता, पण घरात मशीन विकायचा विषय निघत नव्हता, तेवढं तिला पुरे होतं.

आज ती म्हणाली, "चार."

"बरं," मास्तर म्हणाले. मग ती रोजच्यासारखी त्यांच्या कॉलरचं बटण लावायला वाकली, तेव्हा ते हळूच म्हणाले, "आता याच्या खाली आणू नकोस. आणलंस, तर हे बटण माझं मला लावावं लागेल."