द्वारकाबाईची सही

"मावशी, ठोक सही. सुदामच्या घरात तुझ्यासमोर सुरा सापडला," हवालदार शिर्के म्हणाला.

पोलीस ठाण्यासमोर इस्त्री करणाऱ्या द्वारकाबाईनं वीस वर्षं काहीही न बघता पंचनाम्यांवर सह्या केल्या होत्या. तेवढ्यावर किती गरीब आत सडले, देव जाणे. पण यंदापासून न्यायाधीश पंचाची नुसती सही मानत नव्हते. पंचाच्या डोक्याला यंत्र लावून त्याची आठवणच पडद्यावर बघत होते.

"माझ्या डोक्यात सुरा कुठला? तुझी चुरगळलेली पँट दिसेल!"

"मग पाठ कर. सुरा, कोनाडा, सुदाम."

"पढवणाराच दिसेल, बाबा. सुदामसारख्या निर्दोष पोराला मी दहा वर्षं आत घालणार नाही."

शिर्केनं घाईघाईनं पंचनामा फाडला.

"फाड की," द्वारकाबाई म्हणाली, "तेही बघतेय मी."