बारावा खुळखुळा

चितेगावच्या कारखान्यामागील काळ्या मातीतले अकरा खड्डे त्या सकाळी उकरण्यात आले. झाडाची राळ आणि कापसाच्या पऱ्हाटीचा भुसा साच्यात दाबून घडवलेले अकरा खुळखुळे नव्वद दिवसांपूर्वी तेथे पुरले होते. आता ते मातीत पार विरून गेले होते, त्यांचा मागमूसही उरला नव्हता. ज्या निकालासाठी शिवराजने सहा वर्षे जिवाचे रान केले, तो असा हाती आला, आणि त्याला काहीच वाटले नाही. तान्ह्या लेकीला जाऊन अजून महिनाही झाला नव्हता.

"जिंकलास गड्या," प्रयोगशाळेचे प्रमुख काकासाहेब हलक्या आवाजात म्हणाले. "आता तुलनेसाठी कपाटात ठेवलेला बारावा तेवढा काढ. त्याच्याबिगर अहवाल कुणी हातात बी धरणार नाय."

"तो मी घरी नेला होता, काकासाहेब. तिच्यासाठी."

"मग उद्या घेऊन ये."

"तिच्या मुठीतच होता. पुरताना काढवला नाय. पडेगावला हाय, तिच्यासंगं."

काकासाहेबांनी अहवाल मिटला. शिवराज रिकाम्या खड्ड्यांकडे पाहत राहिला.

"तिथं सगळा मुरूम हाय," तो म्हणाला. "मुरमात किती दिवस टिकंल हो?"

"दिवस कसले? लई वर्षं," काकासाहेब तत्काळ उत्तरले. "मुरमात याला काय व्हत नाय."

शिवराजने मान हलवली. मुरमात आजवर एकही नमुना पुरला गेला नव्हता, हे त्याला पक्के ठाऊक होते. नमुने पुरण्याचे काम त्याचेच होते.