बाजारातली दोन मिनिटं

एक जुना सिनेमा थोडा छाटून ऑनलाइन नव्यानं येणार होता, आणि त्यातलं काय कापावं यावर सिनेमावेड्यांच्या ग्रुपवर हमरीतुमरी चालली होती. ग्रुपवर सगळे ज्याला मास्तर म्हणायचे, तो ऑफिसात निरुपयोगी कोड उडवणारा सॉफ्टवेअरवाला. तो बाजाराच्या सीनमागे हात धुऊन लागला. "दोन मिनिटं नुसती माणसं येतात नि जातात. कथेशी काडीचा संबंध नाही," असं त्यानं सिनेमा आणणाऱ्या कंपनीला लिहिलं आणि नऊशे जणांच्या सह्या जोडल्या.

विरोधात एकच बाई. रोज एकच ओळ लिहायची, "राहू द्या की तेवढं."

"का हो काकू, त्या गर्दीतलं कुणी तुमच्या नात्यातलं लागतं की काय?" मास्तरनं विचारलं. ग्रुप पोट धरून हसला. त्या दिवसापासून काकूंची रोजची ओळ बंद झाली.

सीन उडाला. जुनी, न छाटलेली प्रतही कंपनीच्या साइटवरून गेली. मास्तरनं पहिल्याच दिवशी सिनेमा बघितला आणि खुशीत लिहिलं, "काय काकू, अडलं का काही?"

या वेळी मात्र उत्तर आलं.



"तुम्ही विचारलं होतंत, म्हणून सांगते. त्या गर्दीत छत्री मिटत रस्ता ओलांडायचा, तो माझा मुलगा. त्याला चालताना बघायला तेवढंच उरलं होतं."