धुतलेली मुळं

सकाळी सात वाजता मुलगी रोपवाटिकेत आली, तेव्हा बाबांनी सगळी रोपं धुऊन ठेवली होती. पिशव्या फाडून, मुळं नळाखाली धरून, अंगठ्याने चोळून. ओल्या गोणपाटावर ती ओळीने निजवली होती, न्हाऊ घातलेल्या पोरांसारखी.

"बाबा, हे काय करून ठेवलंत?"

"बुरशी लागली होती गं. पांढरी, कापसासारखी. एकही रोप सुटलं नव्हतं. घालवली सगळी."

मुलगी गोणपाटावर वाकली. "ती बुरशी मीच मुद्दाम लावली होती."

खाणीच्या ढिगाऱ्यात मुळांना एकट्याने काही मिळत नाही, तिने सांगितलं. ही बुरशी लांबवर धागे पसरते, त्यांना पाणी आणून देते. तिच्याविना लावलेली रोपं आधी दोनदा वाळली होती. यंदाचीही गेली, तर खाणवाले झाडांचा नाद सोडून ढिगाऱ्यावर पुन्हा दगडमातीच टाकणार होते.

बाबा गोणपाटाजवळ उकिडवे बसले. तो ढिगारा खाणीतून उपसून काढण्यात त्यांची उमर गेली होती. पाळीवरून आले की बायको दारातच अडवायची, सरळ मोरीत बसवायची. पाठ घासता घासता म्हणायची, "अर्धा डोंगर रोज घरी आणता. एखादं झाड तिकडे न्याल तर शपथ!" ते म्हणायचे, "नेऊ की." ते राहूनच गेलं आणि तीही गेली.

"तुझ्या आईने मला कधी मळका आत घेतला नाही," ते म्हणाले. "हात आपोआप चालले बघ."

मुलीला रागातही हसू आलं. "एवढं घासून तुमच्या कानामागचं काळं गेलं का?"

"छे! अजून आहे."

तिने एक रोप उचललं, मुळं उजेडात धरली. "थोडी आतही शिरते ती बुरशी. उरली असेल तर पुन्हा वाढेल."

"आणि नसेल तर?"

"उठा. मुळं सुकायच्या आत लावू."

दुपारपर्यंत दोघांनी सगळी रोपं ढिगाऱ्यावर लावली.

काही आठवड्यांनी मुलगी खुरपं घेऊन ढिगाऱ्यावर आली. "एक उपटून बघते. आत आहे की नाही, कळेल तरी."

बाबांनी रोपाभोवती दोन्ही हात धरले. "नको. मुळांना आता कुणी हात लावायचा नाही."

रोपांची खालची पानं पिवळी पडली आहेत. शेंडे अजून हिरवे आहेत.