चौपदरी फडकं

अडुसष्टच्या हिवाळ्यात अकोल्यात फ्लूची साथ आली. कापसातली सरकी काढणाऱ्या जिनातल्या मुकादमानं बजावलं, “जे बाई खोकलन, तिची रोजी बंद.”

जिनात उडणाऱ्या कापसानं पंचफुला वर्षानुवर्षं खोकत होती. आवाज आतच दबावा म्हणून तिनं जुन्या लुगड्याचं चौपदरी फडकं शिवून तोंडाला बांधलं. तिचं पाहून बाकीच्या बायांनीही फडकी शिवली. मुकादम कान टवकारून फिरायचा, ती जीव मुठीत धरून खोकल्याची वाट पाहायची. पण फडकं बांधल्यापासून खोकला आलाच नाही.

साथ ओसरली तसा मुकादम ओरडला, “सोडा आता ते फडके! कोण बोलून राहिलं, समजत नाई.”



पंचफुलानं गाठ आणखी घट्ट ओढली. “राहू द्या, भाऊ. माही साथ तं हे सोडल्यावर सुरू होईन.”