भिंगरीचं पुस्तक

“भिंगरी नदीत नाहीये,” भाची म्हणाली. “पण सुरुवात मी नदीपासूनच केलीय.”

मावशीने वहीची पहिली बारा पानं पुढे ओढली. त्यांत तेरा वर्षांची एक मुलगी आपल्या हरवलेल्या मैत्रिणीला नदीकाठी शोधत होती. खरी भिंगरी हरवली त्याला चार महिने झाले होते. काठावर तिचं दप्तर सापडलं, फौजदारांनी आठ दिवस पाणबुडे उतरवले आणि नवव्या दिवशी गावाने ती बुडाली असं ठरवून टाकलं. गावाचा हिशेब असाच असतो. हळहळायला आठ दिवस, नवव्या दिवशी जो तो आपल्या कामाला.

एकटी भाची तेवढी अडून बसली होती. पोर धड जेवत नव्हती. वर्गात शेजारची जागा अडवून ठेवायची, कुणी बसलं की बोचकारायची. तिची आई परगावी नोकरीला, त्यामुळे या सगळ्या तक्रारी मावशीच्या दारात यायच्या.

मावशी मुलांच्या पुस्तकांची संपादक होती आणि रहस्यकथा हा तिचा हातखंडा. वीस वर्षांत तिने शे-सव्वाशे खजिने पुरले होते आणि तितकेच चोर पकडून दिले होते. तिचं कोष्टक पक्कं होतं: दहा पानांमागे एक दचका, वीस पानांमागे एक भांडण, आणि जिवलग मैत्रिणींचं भांडण शेवटून दुसऱ्या प्रकरणात मिटलंच पाहिजे. भिंगरी हरवली तेव्हा पत्रकं तिनेच छापून घेतली, पायी हिंडून खांबाखांबावर चिकटवली. गाडी त्याच आठवड्यात विकली होती. गुडघे आखडतात, चालायला हवं, असं तिने कचेरीत सांगितलं, तर तिथल्या शिपायाने, मग जिनाही चढा की बाई, म्हणून तिला लिफ्टपाशीच अडवलं.

पुस्तक लिहायचं खूळ भाचीचं. ऐकून मावशीला हायसंच वाटलं होतं. पुस्तकाला शेवट असतो. शेवट लिहून झाला की पोर त्या भिंगरीचा विषय मिटवील, घर पुन्हा शांत होईल. मावशीला दुसरं काही नको होतं.

“नदीचं ठीक आहे,” ती म्हणाली. “पुढे काय?”

“पुढे ती सगळीकडे शोधते. दर प्रकरणात एक जागा.”

“आणि गुन्हेगार कोण?”

“माहीत नाही.”

“अगं, लेखकाला तरी आधी माहीत असावं लागतं.”

“मला नाही माहीत,” भाची म्हणाली आणि पानं गोळा करून निघून गेली.

मग दर रविवारी सकाळी एक प्रकरण येऊ लागलं. गिरणीचा माळा, शाळेच्या प्रयोगशाळेमागची अडगळ, बस डेपोतल्या भंगार गाड्या, दगडखाण. मावशी शुद्धलेखन सुधारायची, विशेषणं छाटायची. गिरणीच्या माळ्यावर तिने स्वतःहून चार उंदीर सोडले. खाणीत अंधार कमी पडतोय, असा शेरा मारला. भाची मान डोलवायची आणि सांगितलं तेवढं निमूट करून आणायची. पाचव्या रविवारी ती ताट पुसून जेवली. मावशीने लगेच ताईला फोन करून कळवलं की औषध लागू पडतंय.

सातव्या प्रकरणात ती मुलगी गावाच्या कडेच्या, बंद पडलेल्या कौलांच्या कारखान्यात गेली. आवारात जमिनीखालची पाण्याची टाकी होती. तिच्यावरचं लोखंडी झाकण सरकवून ती खाली वाकून हाक मारते, एवढंच त्या पानावर होतं.

मावशीने ते पान दोनदा वाचलं. मग एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत सरळ रेघ ओढली.

“चांगलं नाही झालं?” भाचीने विचारलं.

“चांगलं झालंय, म्हणूनच. मुलांची पुस्तकं आईबाप आधी चाळतात. असलं पान दिसलं की पुस्तक परत दुकानात.”

“खाण चालली की त्यांना.”

“खाण उघडी असते. बंद टाकी भीतीदायक वाटते.” मावशीने पेन्सिलीला टोक करायला घेतलं. “तिला कारखान्याच्या फाटकावरूनच परत फिरव. काही बिघडत नाही.”

“म्हणजे ती टाकीपाशी गेलीच नाही?”

“नाही गेली.”

“बरं,” भाची म्हणाली. “तू म्हणशील तसं.”

आठव्या रविवारी तिने शीतगृहाचं प्रकरण आणलं. मावशीला ते बेहद्द आवडलं. फक्त दोन स्वल्पविराम हलवून तिने ते परत दिलं आणि बजावलं, की आता फार ताणू नकोस. शेवट नदीवरच कर. मुलगी काठावर उभी राहते, मैत्रिणीचा निरोप घेते, घरी येते. वाचकाच्या डोळ्यांत पाणी येतं, पण त्याला झोप लागते.

नवव्या रविवारी भाची नेहमीपेक्षा उशिरा आली. गावाच्या कडेकडून सकाळपासून कसल्याशा पंपाची घरघर ऐकू येत होती. तिने टेबलावर एकच पान ठेवलं आणि बूट न काढता दारातच उभी राहिली.

“एवढंच?” मावशी हसली. “शेवटचं प्रकरण इतकं तोकडं?”

“वाच ना.”

मावशीने चष्मा लावला, सवयीने पेन्सिल उचलली. पानावर चारच वाक्यं होती, आणि त्यांत सुधारण्यासारखं काहीही नव्हतं.

‘आपली मैत्रीण कुठे आहे ते तिला माहीत नव्हतं. ती बुडाली नाही, एवढंच माहीत होतं. म्हणून तिने गावातली एकेक जागा लिहून मावशीला वाचायला दिली. आठ जागांपैकी मावशीने एकच काटली.’